मागचा नट

"उद्या गाडी येणार की नाही, एकदाचं काय ते सांग बाबा," फाटकावर दोन्ही हात टेकवून म्हातारा म्हणाला. सगळा गाव त्याला घाईवाला म्हणायचा. त्याची बटाट्याची पोती शेतात उघड्यावर पडली होती आणि आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं, त्यामुळे आज त्याच्या घाईला काही बोलता येत नव्हतं.

"येणार. येत नाही असं कधी झालंय?" थोरला म्हणाला.

"झालं नाही. पण तुझ्या गाडीचा आवाज बदललाय. परवा चढाला लागली तेव्हा निम्म्या गावाला ऐकू आली."

"तेल बदलायचं राहिलंय. आज बदलतो."

"कोण? तू?"

"मग काय, तू येतोस बदलायला?"

घाईवाल्यानं मान जरा लांब करून अंगणाच्या मधोमध उभ्या पत्र्याच्या कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे थोरल्याचा धाकटा भाऊ लोखंडावर लोखंड आपटत होता. गावात कुणाचा पंप बंद पडो, नांगर वाकडा होवो, तो त्याच हातांकडे जायचा. घाईवाल्यानं डोळ्यांनीच विचारलं, आणि थोरल्यानं न समजल्यासारखं दाखवलं.

"हे बघ, मला तुमच्या भांडणात पडायचं नाही," घाईवाला म्हणाला. "पण आमच्या आळीतल्या सगळ्यांचा माल उद्या निघायलाच हवा. तुला जमणार नसेल तर पलीकडच्या गावची गाडी सांगतो. त्यांच्याकडे आता दोन गाड्या आहेत. आणि एकदा ती आळीत शिरली की पुढच्या वेळी लोक तुझ्या फाटकापर्यंत कशाला येतील? माझं स्पष्ट बोलणं आहे."

"संध्याकाळी सांगतो," थोरला म्हणाला, आणि घाईवाला पायाला चटके बसत असल्यासारखा तुरुतुरु निघून गेला.

त्याच्या बोलण्यातली शेवटची गोष्ट थोरल्याच्या जिव्हारी लागली. कारण ती खरी होती. त्याच्या फाटकाशी माणूस यायचा तो गाडीसाठी. खत आणायचंय, पोती न्यायचीत, घराला विटा हव्यात, असं काहीतरी निघायचं म्हणून दोन शब्द व्हायचे. ज्या दिवशी गाडीचं काम नसे त्या दिवशी थोरल्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानावरसुद्धा पडत नसे. लग्न करायचं म्हणता म्हणता राहून गेलेलं. तरुणपण सगळं रस्त्यावर गेलं, आणि घरी आलं की भावजय ताट वाढायची, धाकटा गाडीची चौकशी करायचा. तेवढ्यानंच त्याचं घर भरलेलं वाटायचं. आता गाडी गेली तर उरणार काय? चार भिंती आणि एक ताट, धुवायलाही फार वेळ न लागणारं.

भावाभावांचं हे भांडण मागच्या सुगीत झालं. थोरला गाडी चालवायचा, धाकटा गाडीची निगा राखायचा. दोघा भावांत कामाची वाटणी अशी चोख होती की थोरला जन्मात कधी गाडीखाली शिरला नव्हता आणि धाकट्यानं कधी तिला गावाबाहेर नेलं नव्हतं. मग पैपाहुण्यांसमोर कशावरून तरी शब्दाला शब्द वाढला आणि थोरला बोलून गेला, "मी ऊन-पाऊस अंगावर घेत गाडी हाकतो आणि हा गाडीखाली सतरंजी टाकून झोपा काढतो." लोक हसले. धाकटा हसला नाही. तिथून पुढं सगळं उतारालाच लागलं. वाटणी झाली, घराच्या मधून भिंत गेली, अंगणातून पत्रा गेला. गाडी थोरल्याकडे आली आणि अवजारांची पेटी धाकट्याकडे गेली. वाटणी करणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे. एकाकडे गाडी आणि दुसऱ्याकडे पाने, म्हणजे एकाला भात देऊन दुसऱ्याला मीठ दिल्यातला प्रकार. जाताना धाकट्यानं सर्वांदेखत शपथ घेतली, "याच्या अंगणात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आणि तो शब्दाचा इतका पक्का की कुंपणावरून उडून पडलेला सदरासुद्धा मागायला आला नव्हता.

थोरल्यानं सकाळीच दुकानातून तेलाचा मोठा डबा आणि एक नवाकोरा पाना आणला होता. दुकानदारानं सगळी रीत फुकटात सांगितली होती. गाडी थोडी चालू ठेव, तेल पातळ होतं. मग खाली शिर, खालचा नट काढ, तेल पडू दे. नट लाव, वरनं नवं ओत. झालं. फिल्टर नव्हता त्याच्याकडे, तो पुढच्या वेळी. "लहान पोराचं काम आहे," दुकानदार म्हणाला होता. दुकानात उभं राहून सगळीच कामं लहान पोराची असतात.

त्यानं गाडी जरा वेळ सुरू ठेवून बंद केली, जुनं पोतं अंथरलं आणि पाठीवर पडून सरकत सरकत खाली गेला. खाली गेला आणि पडूनच राहिला. वरून आयुष्यभर पाहिलेली गाडी खालून कुणी वेगळीच होती. नळ्या, दांडे, गोळे, चिखलाचे थर. नाकाच्या वर चार बोटांवर एक जाड दांडा. कुठं काय असतं हे सांगायला कुणी नाही, आणि समोर नट म्हणावेत तर ढीगभर. कुंपणापलीकडे भावजय काहीतरी बोलली आणि धाकटा मोठ्यानं हसला. थोरल्याला वाटलं आपल्यालाच हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण इथं खाली आहोत हे त्यांना ठाऊकसुद्धा नाही. त्याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

त्याला एक मोठा नट दिसला. गाडीच्या मधल्या भागात, एका लोखंडी पोटाच्या अगदी तळाशी. तळाशी आहे म्हणजे हाच, असा त्यानं हिशेब केला. पाना लावला. नट हलेना. मग दोन्ही हातांनी, मग पाय चाकाला टेकवून. बोटाची साल निघाली, तोंडात माती गेली, आणि एकदाचा नट कुरकुरला. त्यानं धुऊन ठेवलेलं घमेलं खाली सरकवलं आणि नट सोडवला.

तेल आलं. संथ, जाडसर धारेत. थोरला बघतच राहिला.

त्याला वाटलं होतं काळा चिखल निघेल. वर्षभर गाडी त्याच तेलावर पळाली होती, शेवटचं तेल धाकट्याच्याच हातचं. आणि निघालं ते मधाच्या रंगाचं. वास तेवढा उग्र होता, पण रंग असा की घमेल्याचा तळ दिसत होता. त्यानं बोट बुडवलं. बोटावरसुद्धा ते स्वच्छच.

धार थांबली. त्यानं नट परत आवळला, बाहेर आला, वरचं झाकण उघडून नवं तेल ओतलं, डबा रिकामा करून बाजूला ठेवला. हे सगळं त्यानं केलं, पण मन त्यात नव्हतं. तो पुन्हा पुन्हा घमेल्यापाशी जात होता. वर्षभर वापरून ज्याचं तेल असं निघतं तो माणूस गाडीखाली झोपा काढत होता? हे त्यानं कसं राखलं असेल? कसलं तेल घातलं असेल, किती वेळा पुसलं असेल? आणि आपण चारचौघांत काय बोलून बसलो. त्याला आत जाऊन बसावंसं वाटलं. मग वाटलं, आत जाऊन कुणापाशी बसणार?

त्यानं घमेलं उचललं आणि कुंपणाशी गेला. पत्रा छातीइतका उंच होता. पलीकडे धाकटा एका पंपाचं पोट उघडून उकिडवा बसला होता, भावजय दोरीवर कपडे घालत होती.

"अरे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं वर पाहिलं. भावजयीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. वर्षभर या कुंपणावरून कोंबड्या आणि त्या एका सदऱ्याशिवाय काही आलं-गेलं नव्हतं.

"हे बघ," थोरला म्हणाला आणि घमेलं त्यानं पत्र्याच्या कडेवर टेकवलं. "गाडीचं तेल. आज काढलं."

धाकटा उठला, पण जवळ आला नाही. "मग?"

"मग काय. बघ तरी. वर्षभर गाडी पळवली मी यावर. घाट म्हणू नको, चिखल म्हणू नको. तरी बघ कसं आहे. तुझ्या हातचं आहे हे." थोरला थांबला आणि मग सगळं एका दमात बोलून मोकळा झाला. "मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. लोक हसले म्हणून मला चेव आला. तू झोपत नव्हतास. हे तेल बघितलं आणि मला कळलं. चुकलं माझं."

भावजयीनं पदर तोंडाला लावला. धाकटा सावकाश चालत कुंपणाशी आला. त्यानं दोन बोटं तेलात बुडवली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. थोरल्याला वाटलं, याला रडू येतंय, आणि त्याचेही डोळे भरून आले.

"कुठला नट काढलास?" धाकट्यानं विचारलं.

"खालचा."

"खाली पुष्कळ नट आहेत, दादा."

वर्षभरानं थोरल्याच्या कानावर 'दादा' पडलं. "तो मोठा. मधला. लोखंडी पोट आहे ना गोल, त्याच्या तळाचा."

"पुढचा की मागचा?"

"आता पुढचा-मागचा मी काय... मागचा असेल. चालकाच्या सीटच्या जरा मागं."

धाकट्यानं बोटं पँटला पुसली. "गाडी चालू केलीस का नंतर?"

"नाही अजून."

"करू नकोस. हे इंजिनचं तेल नाही. गिअरबॉक्सचं आहे. ते असंच असतं, कुणाच्याही गाडीत. तुझा गिअरबॉक्स आत्ता कोरडा ठणठणीत आहे, आणि इंजिनचं जुनं तेल आतच आहे. नवं कुठं ओतलंस?"

थोरल्यानं नुसतं इंजिनाकडे बोट दाखवलं.

"जुन्याच्या वर?"

थोरल्यानं मान हलवली. भावजयीचा पदर आता तोंडाला होता तो हसू दाबायला, आणि ते काही नीट दाबलं जात नव्हतं. "भाऊजी, अहो," एवढंच ती म्हणाली आणि कपड्यांमागं गेली.

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. या वयात, असं घमेलं हातात धरून, पूजेचं तीर्थ दाखवावं तसं आपण गिअरबॉक्सचं तेल दाखवायला आलो. उद्या अशीच गाडी काढली असती तर भर रस्त्यात गिअर खाऊन बसली असती, आळीच्या पोत्यांसकट. त्यानं घमेलं उचललं आणि वळला.

"दादा," मागून धाकटा म्हणाला. "मग आता बोललास ते परत घेणार का?"

थोरला थांबला. घमेल्यातलं तेल हिंदकळून स्थिर झालं. धाकट्याचा चेहरा हसत नव्हता. तो खरंच विचारत होता.

"हे तेल परत घालता येतं का?" थोरल्यानं विचारलं.

"येतं. स्वच्छ भांड्यात धरलंयस. फडक्यातनं गाळून घालता येईल."

"मग तेल परत घालतो. बोललेलं राहू दे."

धाकटा वळून घरात गेला आणि थोरल्याला वाटलं, संपलं. पण तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलाचा डबा होता. डबा त्यानं पत्र्यावरून अलीकडे धरला. "इंजिनमधलं आता सगळंच पाडायला लागेल, जुनं आणि नवं. आणि हे नवं घाल." मग तो जरा चाचरला. "मी येऊ शकत नाही. शपथ घेतलीय."

"माहीत आहे," थोरला म्हणाला.

"पण इथनं सांगतो. शिर खाली."

थोरला दुसरं एक घमेलं घेऊन पुन्हा पोत्यावर पाठ टेकवून खाली गेला. कुंपणाच्या पत्र्याखाली वीतभर फट होती. खालून त्याला पलीकडची जमीन दिसत होती आणि जमिनीवर धाकट्याची पावलं. उजव्या चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला. थोड्या वेळानं भावजयीची पावलं आली, त्यांनी एक स्टूल ठेवलं आणि निघून गेली. पावलं वळली, स्टुलाचे पाय मातीत जरा रुतले.

"मगाचा नट दिसतोय का?" आवाज आला.

"दिसतोय."

"त्याच्याकडे बघू नकोस. पुढं सरक. अजून पुढं. डोकं इंजिनाखाली आलं का?"

"कपाळ आपटलं, म्हणजे आलं असेल."

"तिथं पसरट डब्यासारखं असेल. त्याच्या कडेला खाली नट आहे. जपून काढ, गरम असेल."

या वेळी नट लगेच सुटला. जी धार आली ती काळीकुट्ट होती, पाण्यासारखी पातळ, आणि थोरल्याच्या मनगटावरून बाहीत शिरली. तो थांबून बघत राहिला.

"आलं?"

"आलं. काळं आहे रे."

"काळंच असतं ते. वर्षभर बदललं नाहीस म्हणून जास्त काळं. इंजिनातली सगळी घाण आपल्या पोटात घेतं, म्हणून इंजिन टिकतं. स्वच्छ निघालं असतं तर मला काळजी वाटली असती."

"असं होय," थोरला म्हणाला.

धार संपेपर्यंत दोघंही गप्प होते. ते गप्प बसणं थोरल्याला ओळखीचं होतं. पूर्वी तो गाडीवर बसून विडी ओढायचा आणि खाली धाकटा कामात असायचा, तेव्हा अशीच शांतता असायची. मधे पत्रा नव्हता एवढाच फरक.

गिअरबॉक्सचं काम खरं दोन माणसांचं. एकानं वर नरसाळं धरायचं, दुसऱ्यानं खाली नळी. धाकट्यानं त्यावर तोड काढली. नरसाळं दोरीनं गाडीच्या चौकटीला बांध, नळी त्याला लाव, दुसरं टोक बाजूच्या नटाच्या भोकात खुपस, मग बाहेर येऊन थोडं थोडं ओत, पुन्हा खाली जाऊन बघ. थोरला तसा किती वेळा आत-बाहेर झाला त्याची गणती नाही. त्याची पाठ बोलायला लागली, सदऱ्याचा रंग ओळखू येईना. दोनदा नळी निसटली आणि दोनदा त्यानं सणसणीत शिवी हासडली, आणि दुसऱ्या वेळी पलीकडून हसू आलं. या वेळी ते आपल्यालाच आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"भोकातनं परत गळायला लागलं की बस. तेवढंच लागतं," धाकटा म्हणाला. "लाव नट. आता इंजिनात नवं ओत आणि पट्टी बघ."

"कसली पट्टी?"

पलीकडे स्टूल करकरलं. "दादा, तू एवढी वर्षं गाडी चालवलीस कशी रे?"

"तू होतास ना," थोरला म्हणाला.

पट्टी कुठं असते, ती पुसून पुन्हा कशी बुडवायची, दोन खुणांच्या मधे तेल कसं दिसलं पाहिजे, हे धाकट्यानं मग सांगितलं, जरा घोगऱ्या आवाजात. थोरल्यानं तेल ओतलं, पट्टी पाहिली, गाडी सुरू केली. आवाज एकसारखा, गोल, पूर्वीचा. तिकडच्या आळीतून घाईवाल्यानं तो ऐकला असणार, कारण थोड्याच वेळात तो फाटकाशी आला, आत न येता "पहाटे ये रे" म्हणाला आणि चालता झाला.

थोरल्यानं गाडी बंद केली. नट गळतोय का हे बघायला तो शेवटचा खाली शिरला. नट कोरडे होते. पुढचा, मागचा, बाजूचा, सगळे. उद्या गाडी निघणार होती, आळीचा माल जाणार होता, पलीकडच्या गावच्या गाड्या पलीकडेच राहणार होत्या. त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. आता कुणालाही काही विचारायची गरज नव्हती.

"कोरडं आहे," त्यानं सांगितलं.

"मग झालं तुझं काम," धाकटा म्हणाला.

स्टुलाचे पाय मातीतून वर आले. तारेनं शिवलेली चप्पल वळली, एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. थोरला पोत्यावर पडून ती जाताना बघत होता. आता घरात जायचं, हात धुवायचे, दिवा लावायचा.

"अरे," त्यानं हाक मारली.

पावलं थांबली. "काय?"

"रेडिएटरमध्ये पाणी कुठनं घालतात रे?"

गाडी चालवायला शिकला तेव्हापासून रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी थोरलाच घालत आला होता. आजही त्यानंच घातलं होतं. धाकटा लहान असताना त्याला बोनेटवर उचलून ते झाकण दाखवलं होतं, तेही त्यानंच.

कपड्यांमागून भावजयीची पावलं पुढं आली आणि तीही थांबली. मग चप्पल वळली. स्टूल पुन्हा मातीत रुतलं, आधीपेक्षा कुंपणाच्या जरा जवळ.

"सांगतो," धाकटा म्हणाला. "नीट ऐक. गाडीच्या तोंडाशी जाळी आहे ना, तिच्या मागं वरच्या अंगाला एक झाकण असतं."

"हं."

"गोल असतं. लोखंडी. गाडी गरम असताना त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत," थोरला म्हणाला. "मग?"